युगांडातील खेडे आणि तिथले रुग्णालय : पुण्याहून जाणाऱ्या स्वयंसेवकाने एका दिवसाच्या भेटीची तयारी कशी करावी

सेवाभावी संस्थेतर्फे, महाविद्यालयाच्या उपक्रमातून किंवा कंपालात नोकरीनिमित्त राहणाऱ्या नातेवाइकांच्या ओळखीने पुण्यातील अनेक जण पूर्व आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जातात आणि त्यांच्या कार्यक्रमात एक दिवस खेड्यासाठी व तिथल्या रुग्णालयासाठी राखलेला असतो. पाहुणा म्हणून जायचे, त्यात तयारी ती कसली, असा समज असल्याने या दिवसाचा विचार सर्वांत कमी होतो. प्रत्यक्षात जिथे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, तिथे पाहुण्यांची सरबराई हे एक जादा काम होऊन बसते आणि ते बहुतेक वेळा सकाळच्या ऐन गर्दीत परिचारिकेच्या गळ्यात पडते. म्हणून या मार्गदर्शनाचा रोख एकाच गोष्टीवर आहे: यजमानांचे काम न वाढवता त्यांच्या नेहमीच्या दिवसात आपण कसे सामावून जावे.

आफ्रिका खंडात ५४ देश आहेत आणि प्रत्येकाचे व्हिसाचे नियम, रोग आणि रीतिरिवाज वेगळे आहेत. त्यामुळे हे लेखन युगांडापुरते, त्यातही कबाले, रुकुंगिरी आणि कनुंगू या नैर्ऋत्येकडील डोंगराळ जिल्ह्यांपुरते ठेवले आहे. इतर देशांत जाणाऱ्यांनी यातील वागण्याबोलण्याचा भाग घ्यावा, कागदपत्रांची मात्र स्वतंत्र चौकशी करावी.

पुण्यात करायची तयारी

सर्वांत आधी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घ्यावी. युगांडात प्रवेश करताना तिचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि परत येताना ते भारतातही तपासले जाते. प्रमाणपत्र नसल्यास भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच मिळते, तिथे अगोदर नाव नोंदवावे लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते, त्यामुळे प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून काही साधत नाही. जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर वैध मानले जाते. तेव्हा पूर्वी लस घेतली असल्यास पुन्हा घेण्याआधी कपाटातील ते पिवळे कार्ड शोधावे.

मलेरियाचे तसे नाही. त्यासाठी प्रवाशाला एकदाच घेऊन मोकळे होता येईल अशी लस नसून गोळ्यांचा क्रम पाळावा लागतो. डॉक्सीसायक्लिन प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर आणखी चार आठवडे रोज घ्यावी लागते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घ्यायचे असले तरी ते निदान दोन आठवडे आधी सुरू करावे लागते आणि ते प्रत्येकाला मानवतेच असे नाही. कोणते औषध घ्यावे हे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्याकडे महिनाभर आधी जाणे आपल्या हातात आहे. हिवताप आपल्याकडेही असतो, त्याचे काय एवढे, असे म्हणणारे भेटतात. युगांडात तो वर्षभर असतो आणि तिथे मुख्यतः फाल्सिपॅरम हा जिवावर बेतणारा प्रकार आढळतो, एवढे त्यांना सांगावे.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, परंतु पर्यटक व्हिसावर कोणतेही काम करता येते असे गृहीत धरू नये. रुग्णालयाकडून निमंत्रणपत्र घ्यावे आणि कोणत्या परवानगीवर यावे हे त्यांनाच विचारावे. डॉक्टरांना रुग्ण तपासायचे असतील तर तिथल्या वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करावी लागते. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी एक साधी कसोटी वापरावी: जी गोष्ट ससूनमध्ये आपल्याला एकट्याने करू दिली जाणार नाही, ती युगांडातही करू नये. तिथे माणसे कमी आहेत म्हणून आपल्याला टाके घालू देतील, प्रसूती करू देतील, अशा अपेक्षेने जाणारे विद्यार्थी असतात आणि त्यांना तसे सुचवणारे वरिष्ठही असतात. रुग्ण गरीब असला म्हणून तो शिकाऊ हातांचे सरावसाहित्य होत नाही.

यानंतरची तयारी बहुतेक जण करत नाहीत, पण माझ्या मते तीच सर्वांत उपयोगी ठरते. निघण्यापूर्वी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन राजगड (पूर्वीचे वेल्हे), मुळशी किंवा आंबेगाव तालुक्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक दिवस घालवावा आणि आशाताईंबरोबर एखाद्या वाडीवर जाऊन यावे. गरोदर बाईला रात्री दवाखान्यात कसे नेतात, लसीकरणाच्या दिवशी कोण येत नाही आणि का येत नाही, औषधे कशाने संपतात, हे प्रश्न स्वतःच्या भाषेत विचारून पाहावेत. ज्याने आपला जिल्हा पाहिलेला नाही, त्याला युगांडातील प्रत्येक गोष्ट ‘आफ्रिकेची गरिबी’ म्हणून दिसते. ज्याने पाहिला आहे, त्याला ती दवाखान्यापासून लांब राहणाऱ्या माणसांची अडचण म्हणून दिसते आणि मग त्याचे प्रश्नही नेमके होतात.

सामान बांधताना रुग्णालयाकडून यादी मागवावी आणि यादीत नाही ते नेऊ नये. घरोघरी उरलेल्या गोळ्या गोळा करून नेण्याची हौस आवरावी. दान केलेल्या औषधाची मुदत ते पोहोचल्यानंतर किमान एक वर्ष शिल्लक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक तत्त्व आहे. शिवाय वेष्टनावर काय लिहिले आहे ते तिथल्या फार्मासिस्टला वाचता आले पाहिजे. यंत्र नेणार असाल तर विजेचा दाब जवळपास आपल्यासारखाच, २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, असतो. पिना मात्र ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी असतात. त्याहून मोठा प्रश्न सुट्या भागांचा आहे. ज्या यंत्राचा फ्यूज किंवा सेन्सर कंपालात मिळत नाही, ते वर्षभरात कोपऱ्यात जाऊन बसते. भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात देखभाल विभागात काम केलेला माणूस अशा ठिकाणी एखाद्या हौशी डॉक्टरपेक्षाही जास्त उपयोगी पडतो, हे संस्थांनी स्वयंसेवक निवडताना लक्षात घ्यावे.

कपड्यांबाबत दोनच सूचना. लष्करी छापाचे कपडे युगांडात नागरिकांना वापरता येत नाहीत, तेव्हा ट्रेकिंगची ती पँट घरीच ठेवावी. आणि स्वेटर न्यावा, कारण कबाले शहर कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंचावर आहे. विषुववृत्त जवळ असले तरी रात्री थंडी वाजते.

सकाळ रुग्णालयात

वेळ ठरवताना सावध राहावे. स्थानिक पद्धतीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात तो त्यांचा पहिला तास आणि आपले नऊ तो तिसरा. कर्मचारी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलताना बहुधा घड्याळाप्रमाणेच सांगतात, पण वाहनचालक किंवा गावकरी ‘दोन वाजता’ म्हणाले तर सकाळचे आठ की दुपारचे दोन, हे विचारून घ्यावे.

मिशनच्या रुग्णालयांत दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते. आपला धर्म कोणताही असो, तिथे वेळेवर जाऊन मागच्या बाकावर शांत बसावे, कारण रात्रीच्या रुग्णांची माहिती, सूचना आणि पाहुण्यांची ओळख हे सर्व अनेकदा त्यालाच जोडून होते. ओळख करून देताना नाव, गाव आणि येण्याचे कारण तीन वाक्यांत सांगावे. आपल्या संस्थेचा इतिहास सांगण्याची ती जागा नव्हे.

त्या रुग्णालयाचा इतिहास मात्र आपल्याला माहीत असावा. रुकुंगिरी जिल्ह्यातील किसीझी रुग्णालय १९५८ मध्ये धबधब्याजवळच्या एका बंद पडलेल्या जवसाच्या धाग्याच्या कारखान्याच्या जागेत सुरू झाले आणि त्याच पाण्यावर ते स्वतःची वीज तयार करते. कनुंगू जिल्ह्यातील ब्विंडी सामुदायिक रुग्णालयाची सुरुवात २००३ मध्ये झाडाखालच्या दवाखान्यापासून झाली. १९९१ मध्ये ब्विंडीचे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा तिथून बाहेर काढलेल्या बट्वा लोकांसाठी तो होता. सरकारी आरोग्य केंद्रांत २००१ पासून शुल्क घेतले जात नाही, मिशनच्या रुग्णालयांत घेतले जाते. हा फरक ठाऊक नसला की ‘गरिबांकडून पैसे कसे घेता?’ असा अवघड प्रश्न आपण भर ओपीडीत विचारून बसतो. सरकारी व्यवस्थेत गावपातळीवरील स्वयंसेवकांपासून वर दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या स्तराची आरोग्य केंद्रे आणि मग जिल्हा रुग्णालय अशी उतरंड आहे. सिझेरियनसाठी शस्त्रक्रियागृह चौथ्या स्तरापासून असणे अपेक्षित असते. रुग्ण कोणत्या पायरीवरून आला आणि मधल्या वाटेत किती वेळ गेला, हे समजले की वॉर्डातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

वॉर्डात राउंडच्या वेळी परिचारिकेच्या मागे उभे राहावे, खाटेवर बसू नये, मोबाइल खिशात ठेवावा. छायाचित्रे राउंडच्या वेळी घेऊच नयेत. नंतर घ्यायची असल्यास रुग्णालयाची लेखी परवानगी आणि त्या व्यक्तीची संमती, दोन्ही हवीत. कुपोषित मुलाचे किंवा बाळंतिणीचे छायाचित्र संमती मिळाली तरी घेऊ नये, कारण खाटेवर पडलेल्या माणसाला गणवेशातल्या माणसांसमोर ‘नको’ म्हणणे जड जाते. कोणत्याही रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतर हात धुवावेत. हा केवळ औपचारिकता म्हणून सांगितलेला नियम नाही. २००० मध्ये उत्तरेकडील गुलू येथे इबोलाची साथ आली, तेव्हा लाकोर रुग्णालयातील अनेक कर्मचारी रुग्णसेवा करताना दगावले आणि त्यांचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. मॅथ्यू लुक्विया यांचाही त्या डिसेंबरात त्याच रोगाने मृत्यू झाला. इबोलाच्या साथी तिथे त्यानंतरही आल्या आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ताजी परिस्थिती पाहावी. सुई टोचल्यास किंवा रक्त अंगावर उडाल्यास लाजून गप्प बसू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात.

बालवॉर्डात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले दिसतील. नंदुरबार किंवा गडचिरोलीत काम केलेल्यांना हा आजार परिचित असतो. त्यांनी तिथले कार्ड, समुपदेशन, रक्ताची सोय कशी होते हे विचारावे आणि आपल्याकडील पद्धत सांगावी. दोन्हीकडच्या अनुभवाची अशी देवाणघेवाण कर्मचाऱ्यांनाही आवडते. लसीकरण विभागात गेल्यास फ्रिज उघडायला लावू नये, कारण आत दोन ते आठ अंशांचे तापमान राखायचे असते आणि दारावर टांगलेल्या तक्त्यात ते दिवसातून दोनदा लिहिले जाते. परिचारिका कुप्या बाहेर काढेल तेव्हा लेबल वाचावे. बीसीजी, गोवर-रुबेला किंवा मलेरिया, यांपैकी एखाद्या कुपीवर ‘सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’ आणि त्याखाली ‘पुणे’ असे बारीक अक्षरांत छापलेले सापडण्याची शक्यता बरीच मोठी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि पुण्यात तयार होणारी आर-२१ ही मलेरियाची लस युगांडाने एप्रिल २०२५ पासून लहान मुलांना द्यायला सुरुवात केली आहे. हे पाहून अभिमान वाटला तर तो मनात ठेवावा. ती लस त्या खेड्यापर्यंत थंड ठेवून आणण्याचे काम समोरच्या परिचारिकेने केलेले असते.

आवारात रुग्णांचे नातेवाईक चुलीवर स्वयंपाक करतात, कपडे धुतात आणि चादरी हिरवळीवर वाळत घालतात. रुग्णाचे जेवण, अंथरूण आणि बरीचशी शुश्रूषा नातेवाइकांकडेच असते. त्या चादरींमधून वाट काढत चालू नये, वळसा घालून जावे.

वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्वयंसेवकाने काय करावे, हा प्रश्न नेहमी येतो. औषधांच्या साठ्याची मोजणी, जुन्या केसपेपरांची लावणी, बंद पडलेला संगणक किंवा प्रिंटर पाहणे, सामान उचलणे, अशी कामे असतात आणि ती सांगितल्यावरच करावीत. काहीच काम नसेल तर ओपीडीबाहेरच्या बाकावर तासभर बसून माणसे कुठून येतात आणि किती वेळ थांबतात ते पाहण्यातही वेळ वाया जात नाही.

दुपार गावात

गावात एकट्याने जाऊ नये. रुग्णालयाचे फिरते पथक लसीकरणासाठी किंवा गरोदर स्त्रियांच्या तपासणीसाठी जात असेल तर त्यांच्याच गाडीतून, जागा असल्यास, जावे. भाड्याच्या मोटारसायकलीला तिथे बोडा-बोडा म्हणतात. ती घ्यावीच लागली तर हेल्मेट मागावे आणि मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर या पावसाळी महिन्यांत दुपारनंतर घाटरस्त्याने ती टाळावी.

गावात पोहोचल्यावर आधी स्थानिक परिषदेच्या अध्यक्षांना भेटावे. गावपातळीच्या या परिषदेला तिथे ‘एल. सी. वन’ म्हणतात आणि तिच्या अध्यक्षांना न भेटता घरोघरी फिरणे म्हणजे सरपंचांना डावलून गावात सभा घेण्याइतके ते खटकते. ते अभ्यागतांची वही पुढे करतील. तिच्यात नाव, गाव आणि सही नीट करावी. अभिवादन घाईने उरकू नये. या भागात रुकिगा बोलतात; ‘अगांडी’ असे विचारले जाते आणि ‘नि मारुंगी’ असे उत्तर द्यायचे असते, आभारासाठी ‘वेबारे’ म्हणतात. एवढ्या तीन शब्दांवर वातावरण किती सैल होते, ते वापरल्यावरच कळेल.

पुढे गावातील आरोग्य स्वयंसेवक आपल्याला घरे दाखवतील. त्यांचे काम आशाताईंसारखेच आहे, परंतु आशाताईंना कामागणिक मिळतो तसा मोबदलाही त्यांतील बहुतेकांना नियमित मिळत नाही. म्हणून त्यांचा दिवस आपल्यामुळे मोडला तर प्रवासखर्च आणि जेवण द्यायचे की नाही, हे रुग्णालयाला आधीच विचारून ठेवावे. त्यांच्या पिशवीत मलेरियाच्या जलद तपासणीच्या पट्ट्या, गोळ्या आणि मुलांच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा घेर कमी भरला की पट्टी लाल भागावर येते आणि मूल तीव्र कुपोषित धरले जाते. आपल्या अंगणवाडीतही हाच आकडा वापरतात.

परसदारी शौचालयाजवळ हात धुण्याची एक सोय दिसेल. दोन खुंटांवर आडवी काठी, तिला टांगलेला पिवळा प्लास्टिकचा कॅन, कॅनच्या तोंडाला बांधलेली दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीलगत एक काठी. काठीवर पाय दिला की कॅन कलतो आणि पाण्याची बारीक धार येते. शेजारी दोरीला ओवलेला साबण लोंबत असतो. कॅनला हात लावावाच लागत नाही, त्यामुळे एकाच्या हाताची घाण दुसऱ्याच्या हाताला जात नाही. याचे रेखाचित्र वहीत काढून आणावे. आपल्या वाड्यावस्त्यांवरही ते चालण्यासारखे आहे.

वेताची किंवा लाकडाची एक लांबट डोलीही कुठे तरी पाहायला मिळेल. तिला ‘एंगोझी’ म्हणतात आणि तिच्यातून आजारी माणसाला खांद्यावर घेऊन डोंगर उतरवतात. सह्याद्रीच्या वाड्यांवरून झोळीत बाळंतीण आणल्याच्या बातम्या वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण तिथली पुढची गोष्ट वेगळी आहे. रुग्ण वाहून नेण्याची पाळी लावणारी, वर्गणी गोळा करणारी घराघरांची मंडळेच तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि किसीझी रुग्णालयाने १९९६ मध्ये आरोग्य विमा योजना सुरू केली, तेव्हा या मंडळांचाच पाया घेतला. विम्याचा हप्ता कोण गोळा करते, कुटुंब वर्गणी चुकले तर काय होते, हे प्रश्न मंडळाच्या प्रमुखांना विचारावेत.

मुलांना चॉकलेटे, पेन किंवा पैसे वाटू नयेत; द्यायचेच असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यावे. बट्वा वस्तीवर पाहुण्यांसाठी नृत्याचा कार्यक्रम ठरवला जातो. त्याचे पैसे कोणाला मिळतात हे आधी विचारावे आणि समाधानकारक उत्तर न आल्यास नम्रपणे नकार द्यावा. कोणी जेवायला बसवले तर बसावे. उकडलेली मातोके केळी, घेवडा आणि शेंगदाण्याचे कालवण शाकाहारी माणसालाही चालते. नाचणीची घट्ट उकडही असते, आणि नाचणी हे धान्य मुळात पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातूनच फार पूर्वी आपल्याकडे आले. पाणी मात्र उकळलेले किंवा बंद बाटलीतलेच प्यावे.

आपण भारतीय आहोत, हे कोणी न कोणी बोलून दाखवेलच. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग भारतातून नेलेल्या मजुरांनी बांधला आणि पुढे तिथला व्यापार बराचसा भारतीय वंशाच्या लोकांच्या हाती होता. १९७२ मध्ये युगांडाचा तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीन याने त्यांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले. वयस्कर माणसांच्या आठवणी यामुळे दोन्ही प्रकारच्या असतात. दुकानदाराच्या तुसडेपणाची तक्रार कोणी केली तर वाद घालू नये, ऐकून घ्यावे.

निघताना आणि परतल्यावर

देणगी रुग्णाच्या हातात न देता रोखपालाकडे द्यावी आणि पावती घ्यावी. अनेक मिशन रुग्णालयांत बिल भरू न शकणाऱ्यांसाठी वेगळा निधी असतो, रक्कम त्यात जमा करायला सांगावे. एखाद्या कुटुंबाला ‘मी पुण्याहून पैसे पाठवीन’ असे बोलून जाऊ नये, ते खरोखर पाठवायचे असले तरीही रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फतच पाठवावेत. प्रमुख परिचारिकेला भेटून आभार मानावेत आणि आपल्या येण्याने काय अडचण झाली हे विचारावे. पहिल्यांदा ती ‘काही नाही’ म्हणेल, दुसऱ्यांदा विचारल्यावर बहुधा सांगेल.

पुण्यात परतल्यावर आठवडाभरात दोन पानी टिपण आणि काढलेली छायाचित्रे रुग्णालयाला पाठवावीत आणि त्यांनी पाहून होकार दिल्यानंतरच ती इतरत्र दाखवावीत. मलेरियाच्या गोळ्यांचा उरलेला क्रम पूर्ण करावा. परतल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांनीही, ताप आला तर तो पुण्याच्या पावसाळ्यातला डेंग्यू किंवा व्हायरल आहे असे समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन युगांडात जाऊन आल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि मलेरियाची रक्ततपासणी करून घ्यावी.